कॉम्प्युटरची किल्ली आपल्याच हाती

दुपारची कामं उरकली असतील तर निवांत बसा, आणि उरकायची असतील तर हात चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आपण कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत. "हा काही आपला विषय नाही," असं म्हणून स्टेशन बदलू नका. आम्हीसुद्धा बरीच वर्षं तेच म्हणत होतो, आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आम्ही सहा जणी गावातल्या बचत गटांचे हिशेब ठेवतो. किर्द, कर्जाचे हप्ते, बैठकांचे ठराव, सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर. एके दिवशी तो सुरूच होईना. निळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत चार ओळी. आम्ही तो उचलून तालुक्याच्या एका दुकानात नेला. तीन दिवसांनी फोन आला, "घेऊन जा ताई, अगदी नव्यासारखा झालाय." आणि खरंच, तो नव्यासारखा झाला होता. आत काहीच नव्हतं. "फॉरमॅट मारावा लागला," दुकानदार म्हणाला.

दोन वर्षांचा हिशेब गेला. वह्या होत्या म्हणून निभावलं, पण वह्यांवरून सगळं पुन्हा भरायला दोन महिने लागले. एका गटाची वही पावसात भिजलेली होती. त्या गटातली एक बाई म्हणत होती, "मी दोन हप्ते भरलेत." वहीत शाई पसरलेली, कॉम्प्युटर कोरा. आम्ही तिचा शब्द मानला. पण तिने खरोखर भरले होते की नाही, हे आजही कुणाला कागदावर दाखवता येत नाही, आणि याचं वाईट सगळ्यात जास्त तिलाच वाटतं.

दुकानदाराने फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. त्याने विचारलं नाही, आणि आम्हाला सांगता आलं नाही. "आधी फाइली काढून घ्या, मग काय करायचं ते करा," एवढं एक वाक्य आम्हाला बोलता आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण फाइली कुठे असतात, विंडोज बिघडलं म्हणजे फाइलीही बिघडतात का, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? कॉम्प्युटर आमच्या पैशाचा, हिशेब आमच्या घामाचा, आणि किल्ली मात्र दुसऱ्याकडे. त्या दिवशी आम्ही ठरवलं, हे शिकायचं.

कारभारीण कोण?

कॉम्प्युटरच्या खोक्यात वेगवेगळे भाग असतात. कोणी हिशेब करतं, कोणी साठवण करतं, कोणी पडद्यावर चित्र काढतं. या सगळ्यांना कामाला लावणारी, कुणाला किती जागा द्यायची ते ठरवणारी घरातली कारभारीण म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही अशी एक कारभारीण. आज ज्या दुसरीची ओळख करून घ्यायची आहे ती लिनक्स.

लिनक्स 'ओपन सोर्स' आहे. म्हणजे काय? समजा तुम्ही बाजारातून गोड्या मसाल्याचं पाकीट आणलं. मसाला चांगला आहे, पण आत काय आणि किती घातलंय ते नेमकं कळत नाही, आणि कंपनीने पाकीट बंद केलं की तुमची आमटी अडली. आता तोच मसाला शेजारच्या काकूंनी कृतीसकट दिला. तुम्ही तो करू शकता, त्यात खोबरं कमीजास्त करू शकता, मुलीला शिकवू शकता, तुमची बदललेली कृतीही वाटू शकता. ओपन सोर्समध्ये प्रोग्रॅमची मूळ कृती अशी उघडी असते. वापरायचं, तपासायचं, बदलायचं आणि वाटायचं, हे सगळं कायदेशीर असतं. विंडोजची चोरून केलेली कॉपी आणि लिनक्सची कॉपी यांत हाच फरक आहे. एक लपवावी लागते, दुसरी उजळ माथ्याने शेजारणीला देता येते.

याची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलं, की कुणालाही वापरता, बदलता येईल अशी संपूर्ण प्रणाली आपण उभी करणार. तिचं नाव ग्नू. तिचे बरेच भाग तयार झाले, पण सगळ्यांच्या मध्यभागी बसणारा गाभा अपुरा होता. मग १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने असा गाभा लिहायला घेतला आणि लोकांसमोर ठेवला. आपण हे फक्त छंद म्हणून करतो आहोत, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली आणि तेच लिनक्स.

तुम्ही म्हणाल, छंदातून आलेल्या गोष्टीवर भरवसा कसा ठेवायचा? तर तुमच्या हातातला मोबाइल बघा. तो अँड्रॉइड असेल तर त्याचा गाभा लिनक्सच आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. आपल्या देशात केरळमध्ये सरकारी शाळांतली मुलं अशाच मुक्त प्रणालीवर शिकतात. आणि आपल्या सी-डॅकने 'बॉस' नावाची भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली केली आहे.

लिनक्सची पुष्कळ रूपं आहेत. उबुंटू, डेबियन, मिंट, बॉस. पीठ तेच, पण भाकरी थापणारे हात वेगळे. डेबियनच्या नावात तर एक बाई आहे बरं का! ते सुरू करणाऱ्या इयान मर्डॉकने आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं, नाव आणि स्वतःचं नाव जोडून ते नाव तयार केलं. नव्याने शिकणारीने मिंट किंवा उबुंटू घ्यावं. जुन्या, कमी ताकदीच्या मशीनवर मिंटचं 'एक्सएफसीई' हे हलकं रूप बरं चालतं. आमच्या मशीनला ४ जीबी रॅम आहे, आमचं काम भागतं.

आधी चाखून बघा

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला काही विशिष्ट सुरक्षा चिप लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. म्हणून "हा कॉम्प्युटर आता भंगारात काढा" असा सल्ला कुणी दिला, तर लगेच मान डोलावू नका. मशीन धड असेल तर लिनक्सवर ते आणखी काही वर्षं चालू शकतं.

पण घाईही करू नका. लिनक्सची एक मोठी सोय आहे. ते ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर तयार करता येतं आणि मशीन त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करता येतं. आतल्या विंडोजला, फाइलींना धक्का लागत नाही. पडदा नीट दिसतो का, आवाज येतो का, वायफाय जोडलं जातं का, प्रिंटर चालतो का, हे सगळं आधी बघता येतं. नाही पटलं तर मशीन बंद करा, पेनड्राइव्ह काढा, पुन्हा सगळं होतं तसं.

आम्ही पहिल्यांदा असा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं तेव्हा एक गोष्ट दिसली आणि आम्ही सगळ्या गप्पच झालो. लिनक्समधून आतल्या डिस्कवरच्या विंडोजच्या फाइली दिसत होत्या. उघडता येत होत्या, दुसरीकडे उतरवून घेता येत होत्या. म्हणजे विंडोज सुरू होत नाही याचा अर्थ फाइली गेल्या असा नसतो. कारभारीण आजारी पडली म्हणून कोठीतलं धान्य नासत नाही. त्या निळ्या पडद्याच्या दिवशी असा एक पेनड्राइव्ह आमच्याकडे असता, आणि डिस्क धड असती, तर दोन वर्षांचा हिशेब अर्ध्या तासात बाहेर आला असता.

काय जमत नाही, तेही सांगायला हवं. विंडोजसाठी केलेले काही हिशेबाचे प्रोग्रॅम लिनक्सवर थेट चालत नाहीत. बोटाचा ठसा घेणारी काही यंत्रं आणि काही प्रिंटर अडतात. तुमचं रोजचं काम त्यावर अवलंबून असेल, तर आधी चौकशी करा. एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. पण जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं, युनिकोड नसलेलं पत्र उघडलं, तर तो फाँट नसल्यामुळे नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. आमचे कितीतरी जुने ठराव तसे होते. ते आम्ही विंडोज चालू असतानाच युनिकोडमध्ये बदलून घेतले.

आणि कायमचं लिनक्स बसवण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेर, वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर. बसवताना "संपूर्ण डिस्क पुसायची का?" असा प्रश्न येतो. त्याला हो म्हणण्याआधी ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

काळा पडदा आणि प्रश्नोत्तरं

लिनक्समध्येही चित्रं असतात, माउस असतो, खिडक्या असतात. मग लोक तो काळा पडदा का उघडतात? त्याला टर्मिनल म्हणतात. तिथे चित्रावर बोट ठेवायचं नसतं, शब्दात सांगायचं असतं. बाजारात बोटाने "ते द्या" म्हणणं आणि "पाव किलो तूरडाळ, बिनपॉलिशची" असं सांगणं यात फरक आहे ना? दुसऱ्यात तुम्हाला नेमकं तेच मिळतं, आणि तेच वाक्य फोनवरही सांगता येतं. लांबच्या गावची मैत्रीण आम्हाला फोनवरून मदत करते, ती यामुळेच. "उजवीकडच्या कोपऱ्यातलं ते चाकासारखं चित्र" असं शोधत बसावं लागत नाही.

आता काही कमांड सांगतो. इंग्रजी अक्षरं एकेक करून सांगू. ती छोट्या लिपीत टाइप करायची, कारण लिनक्सला मोठं आणि छोटं अक्षर वेगळं वाटतं. शेवटी एंटर.

पहिली कमांड पी-डब्ल्यू-डी. हसू नका, बांधकाम खात्याशी तिचा संबंध नाही! 'मी आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभी आहे?' असा तो प्रश्न आहे. दुसरी एल-एस, म्हणजे 'इथे काय काय आहे?' तिसरी सी-डी आणि पुढे फोल्डरचं नाव, म्हणजे 'त्या खोलीत जा'. सी-डी, मग स्पेस, मग दोन टिंबं दिली की एक पायरी मागे.

पहिला आठवडाभर आम्ही फक्त या तीनच कमांड वापरल्या. यांनी काही बिघडत नाही, त्या फक्त विचारतात किंवा जागा बदलतात. नव्या घरात आलेली सूनसुद्धा आधी डबे कुठे आहेत ते बघते, लगेच कपाट आवरायला घेत नाही.

मग कामाच्या कमांड. एम-के-डी-आय-आर आणि नाव दिलं की नवा फोल्डर. सी-पी म्हणजे प्रत. एम-व्ही म्हणजे हलवणं किंवा नाव बदलणं. आर-एम म्हणजे पुसणं, तिच्याबद्दल लगेच सांगतो. आणि एम-ए-एन, मॅन. इथे मॅन म्हणजे पुरुष नव्हे, मॅन्युअल, माहितीपुस्तिका! मॅन, स्पेस आणि कमांडचं नाव दिलं की तिची सगळी माहिती येते. बाहेर पडायला क्यू दाबायचं. हे क्यू कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आमच्यातल्या एकीने पहिल्या वेळी बटण दाबून मशीनच बंद केलं होतं.

नव्या बाईला अडवणाऱ्या चार गोष्टी सांगून ठेवतो. एक, पासवर्ड टाइप करताना पडद्यावर बऱ्याचदा काहीच उमटत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो; टाइप करा आणि एंटर दाबा. दोन, नावात मोकळी जागा असेल तर टर्मिनलला ती दोन नावं वाटतात. म्हणून 'जून हिशेब' असं न ठेवता मध्ये खालची रेघ द्या. मराठी नावं चालतात, काही वेळा जोडाक्षरं तुटक दिसतात एवढंच. तीन, नाव अर्धं लिहून टॅब दाबा, उरलेलं तेच पुरं करतं. वरचा बाण दाबला की मागची कमांड परत येते. चार, काही अडकून बसलं तर कंट्रोल आणि सी. खिडकीत हे कॉपीचं बटण असतं, टर्मिनलमध्ये मात्र चालू काम थांबवण्याचं.

आणखी एक, काम नीट झालं की टर्मिनल बहुतेक वेळा गप्प बसतं. शाबासकी देत नाही. काही चुकलं तरच बोलतं. ते बोललं की घाबरून खिडकी बंद करू नका, ती ओळ वाचा. तिच्यात बहुधा कारण लिहिलेलं असतं: अशी फाइल नाही, परवानगी नाही, अशी कमांड नाही. इंग्रजी येत नसेल तर कागदावर उतरवून घ्या आणि शाळेतल्या मुलीला विचारा. सुरुवातीला आम्ही तेच केलं.

एका मोकळ्या जागेची किंमत

आता आमची चूक. एका फोल्डरमध्ये चालू महिन्याच्या फाइली होत्या आणि 'जुनी' या शब्दाने सुरू होणाऱ्या काही निरुपयोगी प्रतीही होत्या. त्या पुसायच्या होत्या. लिनक्समध्ये चांदणीच्या खुणेचा अर्थ 'पुढे काहीही असो' असा होतो. म्हणून आर-एम, स्पेस, 'जुनी' आणि त्याला चिकटून चांदणी, असं लिहायचं होतं. आमच्या हातून 'जुनी' आणि चांदणीच्या मध्ये एक मोकळी जागा पडली. त्याचा अर्थ झाला, 'जुनी नावाची फाइल पुस, आणि इथलं सगळं काही पुस.' पडद्यावर एकच ओळ आली, जुनी नावाची फाइल सापडली नाही. एल-एस केलं, तर फोल्डर रिकामा.

आर-एमने पुसलेलं कचऱ्याच्या डब्यात जात नाही. सरळ जातं.

पोटात गोळा आला. तोच कोरा पडदा पुन्हा! पण या वेळी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. हिस्टरी ही कमांड दिली की आपण आधी काय काय टाइप केलं ते दिसतं. ती दिली आणि चूक कुठे झाली ते डोळ्यांनी दिसलं, कुणावर संशय घ्यावा लागला नाही. आणि रविवारी घेतलेली प्रत पेनड्राइव्हवर होती. गुरुवारी चूक झाली, म्हणजे चार दिवसांच्या नोंदी गेल्या. त्या वहीवरून संध्याकाळपर्यंत भरून झाल्या. पहिल्या वेळी दोन महिने गेले होते, या वेळी एक दुपार.

तेव्हापासून आमचे दोन नियम. पुसण्याआधी तेच नाव, तीच चांदणी एल-एसला देऊन बघायची. काय काय पुसलं जाणार आहे त्याची यादी समोर येते. यादी बरोबर असेल तरच आर-एम. आणि आर-एमनंतर स्पेस, आडवी रेघ आणि आय द्यायचं. मग ते प्रत्येक फाइलीला विचारतं, पुसू का?

फाइलीलाही असतो गट

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीची परवानगी तीन जणांसाठी ठरते: मालक, गट आणि बाकीचे. हे ऐकून आम्हाला आपलंच काहीतरी वाटलं. बचत गटात काय असतं? हिशेब लिहिते ती सचिव. वाचू शकतात त्या सगळ्या सदस्य. आणि बाहेरच्याला त्यात डोकावायचं कारण नाही. अगदी तसंच.

परवानग्याही तीन: वाचणं, लिहिणं आणि चालवणं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १ असे आकडे आहेत. मालकिणीला वाचणं आणि लिहिणं, ४ आणि २ मिळून ६. गटाला फक्त वाचणं, ४. बाकीच्यांना काही नाही, ०. झाला आकडा ६४०. सी-एच-एम-ओ-डी, स्पेस, ६४०, स्पेस आणि फाइलीचं नाव. किर्दीच्या फाइलीला आम्ही हेच लावलं आहे. त्यासाठी प्रत्येकीचं वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड हवा, सगळ्यांनी एकाच खात्यात शिरायचं असेल तर काही अर्थ उरत नाही. नवी फाइल केली की तिची परवानगी पुन्हा बघायची. एल-एस, स्पेस, आडवी रेघ आणि एल दिलं की ती दिसते.

हे कुलूप किती भक्कम? रोजच्या वापरात पुरेसं. पण जशा आम्ही पेनड्राइव्ह लावून विंडोजच्या फाइली पाहिल्या, तशा लिनक्सच्या फाइलीही कुणी मशीन हातात घेऊन पाहू शकतो. ते टाळायचं तर लिनक्स बसवतानाच डिस्क सांकेतिक करून घ्यायची सोय असते. मात्र तो पासवर्ड विसरलात तर तुम्हालाही दार उघडत नाही. आणि कॉम्प्युटरची खोली कुलूपबंद ठेवणं हेही विसरू नका.

तिजोरीची किल्ली

सगळ्या मशीनवर परिणाम करणारं काम करायचं तर कमांडच्या आधी एस-यू-डी-ओ, सुडो, लिहावं लागतं. म्हणजे 'मुख्य कारभारणीच्या अधिकाराने कर'. लिनक्स तेव्हा तुमचा पासवर्ड विचारतं. ही तिजोरीची किल्ली आहे. ती आम्ही दोघींकडेच ठेवली आहे, आणि सुडो लिहिण्याआधी ओळ मोठ्याने वाचायची असा दंडक आहे. मोबाइलवर कुणी पाठवलेली, सुडोने सुरू होणारी ओळ समजून घेतल्याशिवाय चिकटवायची नाही. कोऱ्या कागदावर सही मागितली तर आपण देतो का? तसंच हे.

सुडोचं नेहमीचं काम म्हणजे अपडेट. उबुंटू, मिंट, डेबियनमध्ये सुडो ए-पी-टी अपडेट आणि मग सुडो ए-पी-टी अपग्रेड. पहिल्या कमांडने नुसती यादी ताजी होते, बाजारात काय नवीन आलंय याची. दुसरीने प्रत्यक्ष सामान घरात येतं. पहिलीच देऊन थांबलात तर काहीच बदललेलं नसतं. आम्ही महिनाभर तेच करत होतो!

डिस्कवर किती जागा उरली ते बघायला डी-एफ, स्पेस, आडवी रेघ, एच. पहिल्या तारखेला हे बघून वहीत लिहितो.

रविवारची प्रत

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. ऑपरेटिंग सिस्टीम कुठलीही असो, डिस्क कधी ना कधी बंद पडते. म्हणून रविवारी सी-पी, स्पेस, आडवी रेघ, आर, मग हिशेबाचा फोल्डर आणि पेनड्राइव्हचा पत्ता. त्यानंतर डी-आय-एफ-एफ, आडवी रेघ, आर देऊन दोन्ही फोल्डर ताडून बघायचे. टर्मिनल गप्प राहिलं की दोन्ही सारखे. मग पेनड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढायचा, कारण लिनक्स काही वेळा लिहिण्याचं काम थोडं मागून पुरं करतं. झटकन ओढला तर प्रत अर्धवट राहते. दोन पेनड्राइव्ह ठेवा, आळीपाळीने वापरा, आणि त्यातला एक दुसऱ्या घरी ठेवा. पाणी शिरलं, चोरी झाली, तर एक तरी राहील.

शिकायचं कुठे? मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा उपक्रम आहे. त्यात लिनक्सचे छोटे छोटे पाठ आहेत, मराठी आवाजातसुद्धा. एक पाठ बघायचा, थांबवायचा, हाताने करून बघायचं. आम्ही दर बुधवारी दोघी-दोघींनी बसतो. एक टाइप करते, दुसरी ओळ वाचते आणि वहीत लिहिते: काय टाइप केलं, काय उत्तर आलं. ही वही आता कुठल्याही पुस्तकापेक्षा आमच्या जास्त उपयोगाची झाली आहे. आमच्यातली एक मावशी सातवी शिकलेली आहे. तिला स्पेलिंग येत नाहीत, पण अक्षरं येतात. चुकीची मोकळी जागा सगळ्यात आधी तिच्याच नजरेला दिसते.

आम्ही काही इंजिनिअर झालो नाही. अजूनही मशीन अडतं, अजूनही तालुक्याला जावं लागतं. गेल्या पावसाळ्यात डिस्क बदलावी लागली. पण या वेळी आम्ही हातात पेनड्राइव्ह घेऊन गेलो आणि दुकानात सांगितलं, "डिस्क बदला. आतलं आम्ही काढून घेतलंय, नवं आम्ही बसवू." दुकानदार काही बोलला नाही. त्याने फक्त स्क्रू काढायला घेतले.

ज्या बाईचे दोन हप्ते वहीत पुसले गेले होते, ती आता प्रत्येक हप्ता भरल्यावर शेजारी उभी राहते आणि म्हणते, "उघडून दाखव." आम्ही फाइल उघडतो, तिची ओळ दाखवतो. ती वाचते, मान हलवते आणि जाते. तिला आम्ही कधीही "नंतर ये" म्हणत नाही.

तर मैत्रिणींनो, या रविवारी एवढंच करा. तुमच्या गटाचा, तुमच्या घराचा हिशेब ज्या मशीनवर आहे, त्याची एक प्रत बाहेर काढा. लिनक्स नंतर शिकता येईल. प्रत आधी.